गमाचा डबा ताजा की शिळा?
सुतारकाम करणाऱ्या घरांनी तपासून घ्यावे असे काही

गावगाड्यात कोणी कोणते काम करायचे हे जातीने ठरवून टाकले होते. करवत, रंधा आणि पटाशी आपल्या वाडवडिलांच्या हाती येण्याचा प्रश्नच नव्हता. शहरात आल्यावर मात्र आपल्या मुलांनी हे बंधन मोडले. आज उल्हासनगरच्या फर्निचर बाजारात, ओशिवऱ्याच्या कारखान्यांत, नाक्यानाक्यांवर काम शोधत उभ्या असलेल्या कारागिरांत आपले कितीतरी तरुण आहेत. कोणी प्लायची कपाटे करतो, कोणी दारे-खिडक्या बसवतो, कोणी सनमायका लावतो. स्वतःच्या हिमतीवर शिकलेले हे काम आहे आणि त्याचा आपल्याला अभिमान असला पाहिजे.

परंतु नवीन धंद्यात शिरलेल्या माणसाला पिढीजात कारागिरासारखी घरातून मिळणारी माहिती नसते. मग छोट्या गोष्टीत मोठे नुकसान होते. अशीच एक छोटी गोष्ट म्हणजे लाकूड जोडण्याचा पांढरा गम, ज्याला आपण सगळे सरसकट फेव्हिकॉल म्हणतो, मग तो कोणत्याही कंपनीचा असो. हा गम शिळा होतो, त्याला वयाची मर्यादा असते, हे फार थोड्या लोकांच्या लक्षात येते.

आमच्या वस्तीतील एका तरुणाचे उदाहरण देतो. त्याने एका खाजगी क्लाससाठी बारा बाके तयार केली. ठेकेदाराने गोदामातला अर्धा वापरलेला गमाचा मोठा डबा काढून दिला होता. दीड महिन्यात पाच बाकांचे पाय हलू लागले. ठेकेदाराने राहिलेली मजुरी अडवली आणि वर ऐकवले की तुमच्या लोकांना हे काम जमायचे नाही. आम्ही चार कार्यकर्ते त्याला भेटलो व प्रथम डबा पाहायला मागितला. त्यावरचा छाप अडीच वर्षांपूर्वीचा होता आणि तळाशी गुठळ्या झाल्या होत्या. त्या गमाने दोन पट्ट्या चिकटवल्या, नव्या डब्यातील गमाने दोन चिकटवल्या आणि दुसऱ्या दिवशी ठेकेदारासमोर त्या पटाशीने उकलून दाखवल्या. जुन्या गमाचा सांधा पहिल्याच ठोक्याला सुटला. नव्याचा सुटता सुटेना, शेवटी लाकूडच फाटले. ठेकेदाराने मजुरी दिली. मजुरीपेक्षा मोठी गोष्ट ही झाली की त्या मुलाच्या हातावर आणि आपल्या समाजावर ठेवलेला ठपका पुसला गेला. त्या दिवशी ज्या परीक्षेने काम झाले, ती प्रत्येक कारागिराला करता यावी म्हणून हा लेख.

सरस गेला, पांढरा गम आला

जुने सुतार सरस वापरत. सरस म्हणजे जनावरांची कातडी, हाडे आणि स्नायूंचे दोर उकळून काढलेला चिकट पदार्थ. आपल्या पूर्वजांवर मेलेली ढोरे ओढण्याचे काम लादले गेले होते. त्या हाडाकातड्यांपासून बनणाऱ्या मालावर धंदा दुसऱ्यांनी केला, आणि ओढणाऱ्याच्या वाट्याला विटाळ तेवढा आला. 1927 च्या मार्च महिन्यात महाडच्या परिषदेत बाबासाहेबांनी मृतमांस सोडून देण्याचे आवाहन केले, त्यामागे हाच अपमान होता.

सरसाचे एक वैशिष्ट्य असे की कोरड्या वड्या किंवा दाणे कोरड्या जागी ठेवले तर वर्षानुवर्षे टिकतात. पण एकदा पाण्यात भिजवून गरम केला की काही दिवसांत तो सडतो, त्याला दुर्गंधी येते व बुरशी धरते. त्याला थेट आचेवर ठेवायचे नसते, पाण्याच्या भांड्यात दुसरे भांडे ठेवून ऊब द्यायची असते. फार तापवला तर त्याची पकड जाते.

1959 साली आपल्याकडे फेव्हिकॉल बाजारात आला आणि हळूहळू सरसाचे भांडे बाजूला पडले. डब्यातून काढा आणि लावा, चूल नको, वास नको. सोय झाली, पण त्यामुळे एक गैरसमजही झाला. सरस सडला की नाकाला कळत असे. पांढरा गम मात्र शिळा झाला तरी वरवर पांढराच दिसतो. म्हणून तो कायम टिकतो असे वाटू लागले.

गम शिळा का होतो?

या गमाचे शास्त्रीय नाव पॉलीव्हिनाईल अॅसिटेट. दुधात जसे स्निग्धाचे बारीक कण तरंगत असतात तसे यात प्लॅस्टिकसारख्या पदार्थाचे अतिशय सूक्ष्म कण पाण्यात पसरलेले असतात. गम लाकडाला लावला की पाणी लाकडात शोषले जाते व काही हवेत उडते. मग कण एकमेकांना भिडतात, एकजीव होतात आणि त्याचा पापुद्रा बनतो. हाच पापुद्रा दोन्ही लाकडांना धरून ठेवतो. ओला असताना पांढरा आणि वाळल्यावर पारदर्शक, असा बदल होतो तो याच कारणाने.

आता हे कण डब्यातच एकमेकांना चिकटून बसले तर लाकडावर चिकटायला काय उरणार? काळ जातो तसतसे हेच होत जाते. उष्णतेने ते लवकर होते. झाकण सैल राहिले की पाणी उडते व गम दाट होतो. घाणेरडा ब्रश बुडवला की जंतू शिरतात. फार थंडीत गोठला तरी तो फाटतो, पण आपल्याकडचा खरा शत्रू म्हणजे पत्र्याच्या छपराखालचा एप्रिल-मे महिन्यातला उकाडा.

न उघडलेल्या डब्यासाठी बहुतेक कंपन्या एक ते दोन वर्षांची मुदत सांगतात. ही मुदत सावलीत, थंड जागी ठेवलेल्या बंद डब्याची आहे. दुकानदाराने उन्हात रचून ठेवलेल्या किंवा ठेकेदाराने अर्धा वापरून टाकून दिलेल्या डब्याची नव्हे. उलट मुदत संपल्याच्या दुसऱ्या दिवशी गम निकामी होतो असेही नाही. म्हणून तारीख वाचायची, आणि शंका असेल तर परीक्षाही घ्यायची.

दुकानात काय पाहावे?

पहिली गोष्ट, डब्यावरचा छाप वाचा. बंद पाकिटात विकल्या जाणाऱ्या मालाबाबत 2011 चे वैध मापन नियम आहेत. त्यांप्रमाणे उत्पादकाचे नाव व पत्ता, मालाचे निव्वळ वजन किंवा माप, उत्पादनाचा महिना व साल, सर्व करांसह कमाल किंमत आणि तक्रारीसाठी संपर्क हे छापणे बंधनकारक आहे. महिना-साल खोडलेले असेल, त्यावर दुसरी चिठ्ठी चिकटवलेली असेल, तर डबा परत ठेवा.

दुसरी गोष्ट, डबा हलवून पाहा. आत काही गचके देत असेल, किंवा वर नुसते पाणी डुचमळल्यासारखे वाटत असेल, तर दुसरा मागा. मागच्या रांगेतला डबा मागण्यात लाज कसली? पैसे आपले आहेत.

तिसरी गोष्ट, झाकणाचे सील. रिकामे झालेले नामांकित कंपन्यांचे डबे गोळा करून त्यांत हलका माल भरून विकण्याचे प्रकार होतात. सील तुटके, छपाई पुसट, झाकणाला जुना वाळलेला गम लागलेला, अशी चिन्हे दिसली तर सावध व्हा. आपण स्वतः डबा भंगारवाल्याला देताना त्याला खिळ्याने दोन भोके पाडावीत, म्हणजे तो पुन्हा भरता येणार नाही.

चौथी गोष्ट, सुटा गम घेण्याचे टाळा. पिशवीत तोलून दिलेल्या गमावर तारीखही नसते आणि कंपनीही नसते. त्यात पाणी किती घातले हे विकणाराच जाणे. लाकडाच्या पांढऱ्या गमासाठी भारतीय मानक 4835 आहे. डब्यावर मानकाचा उल्लेख आहे का ते पाहण्याची सवय ठेवावी.

बिल घ्यायला विसरू नका. बिलाशिवाय तक्रारीला पाय नसतात.

घरी करायच्या चार परीक्षा

भगवान बुद्धांचा धम्म एहिपस्सिको आहे, म्हणजे ये आणि स्वतः पाहा. कोणी सांगतो म्हणून, पूर्वापार चालत आले म्हणून मानू नये, अनुभवाने पडताळावे ही शिकवण आपण विहारात ऐकतो. ती गमाच्या डब्यालाही लागू करू.

पहिली परीक्षा डोळ्याची आणि काठीची. झाकण उघडा. वर थोडे पाणी सुटले असेल तर लगेच घाबरू नका. स्वच्छ, कोरड्या लाकडी काठीने तळापासून सावकाश ढवळा. गम पुन्हा एकसारखा झाला आणि काठीवरून मधासारखा सलग ओघळला, तर ठीक. मात्र दह्यासारखा फाटलेला, रव्यासारखा दाणेदार, रबरासारखा तारा ओढणारा किंवा खरवसासारखा घट्ट झालेला गम कामाचा नाही. त्यात पाणी घालून ढवळले तरी एकदा चिकटलेले कण सुटे होत नाहीत. पातळ होईल, पण पकड येणार नाही. वर नुसती साय धरली असेल तर ती उचलून टाकावी, खालचा गम तपासावा. सायीचे तुकडे आत ढवळू नयेत.

दुसरी परीक्षा नाकाची. ताज्या गमाला किंचित आंबूस वास असतो. कुजका वास आला, किंवा हिरवे-काळे ठिपके दिसले, तर जंतू आणि बुरशी झाली असे समजावे. असा गम सरळ टाकून द्यावा. गम लोखंडी डब्यात ठेवून करडा-तांबूस झाला असेल तर तो सागवान किंवा बाभळीच्या लाकडावर वापरू नये. लोखंडाचा अंश आणि लाकडातील तुरट द्रव्य यांचा संयोग होऊन काळे डाग पडतात व ते सहज जात नाहीत.

तिसरी परीक्षा काचेवरची. काचेच्या तुकड्यावर किंवा प्लॅस्टिकच्या झाकणावर थोडा गम पातळ पसरा आणि एक दिवस वाळू द्या. चांगल्या गमाचा पापुद्रा पारदर्शक व चिवट होतो. नखाने सोलला तर सलग निघतो, वाकवला तर लगेच मोडत नाही. वाळल्यावर खडूसारखा पांढरा राहिला, भुगा झाला किंवा त्यावर भेगा पडल्या, तर गमात दोष आहे. ही परीक्षा घरातल्या शाळकरी मुलांकडून करून घ्यावी. त्यांना विज्ञानाचा धडा मिळेल आणि बापाच्या धंद्याची किंमत कळेल.

चौथी परीक्षा सांध्याची. हीच शेवटची आणि खरी. पॅकिंगच्या साध्या कोरड्या लाकडाच्या सहा इंच लांब, दीड इंच रुंद अशा दोन पट्ट्या घ्या. रंधा मारून सपाट करा. रेषा एकाच दिशेने ठेवून, गम लावून एकमेकींवर बसवा आणि क्लॅम्पने आवळा. क्लॅम्प नसेल तर सुतळी घट्ट गुंडाळून वर वजन ठेवा. पूर्ण चोवीस तास हात लावू नका. मग सांध्याच्या रेषेवर पटाशी ठेवून हातोडीने मारा. मारताना हात पटाशीच्या पुढे ठेवू नका. लाकडाचे तंतू फाटून दोन्ही बाजूंना चिकटलेले दिसले, तर गम पास. पट्ट्या गुळगुळीत सुटल्या आणि मध्ये नुसता गमाचा थर चकाकताना दिसला, तर गम नापास. सोबत नव्या गमाची एक जोडी केली तर फरक लगेच समजतो. सागवानावर ही परीक्षा करू नये, कारण त्यात नैसर्गिक तेल असते आणि निकाल फसवा येतो.

हिशेब करून पाहा

समजा एका कपाटाला प्लाय, सनमायका, बिजागऱ्या आणि मजुरी धरून वीस हजार रुपये खर्च आला आणि त्यात गम पाचशेचा होता. म्हणजे शंभर रुपयांत अडीच रुपये गमाचे. जुना डबा वापरून पाचशे वाचवले आणि कपाट परत आले, तर दुरुस्तीची मजुरी, मालाची ने-आण आणि गेलेले गिऱ्हाईक हे सगळे नुकसान त्या पाचशेसाठी. कच्चा हिशेब मांडला तरी हा सौदा तोट्याचाच निघतो.

मोठा डबा स्वस्त पडतो हे खरे, पण वर्षभरात संपणार असेल तरच. अर्धा फेकावा लागला तर तोच महाग. ज्याला महिन्याला किलोभर लागतो त्याने एक-दोन किलोचाच डबा घ्यावा. कार्यालयात मालाची नोंदवही ठेवताना जो नियम पाळतात तोच इथे पाळावा: आधी आलेला माल आधी वापरायचा. नवा डबा मागे, जुना पुढे.

डबा कसा सांभाळावा?

डबा उघडला की झाकणावर पेनाने तारीख लिहा. रोजच्या कामाला लागेल तेवढा गम वाटीत काढा आणि डबा लगेच बंद करा. वाटीत उरलेला गम परत डब्यात ओतू नका. त्यासोबत भुसा आणि धूळही जाते. झाकणाची कड ओल्या फडक्याने पुसा, म्हणजे ते घट्ट बसेल. अर्धा डबा उरला असेल तर लहान प्लॅस्टिकच्या बरणीत काढून ठेवा, त्यामुळे आतली हवा कमी राहते. पत्र्याच्या खोलीत माळ्यावर सर्वांत जास्त ऊन तापते, म्हणून डबा माळ्यावर नको. खाली जमिनीवर, खाटेखाली, भिंतीच्या सावलीत ठेवा.

आणखी एक गोष्ट आयाबहिणींसाठी. सनमायका लावायला जो पिवळसर, उग्र वासाचा रबरी गम वापरतात तो निराळा. तो पेट घेतो. तो दाट झाला म्हणून स्टोव्हजवळ किंवा गॅसजवळ तापवू नये, घरात आग लागेल. त्याचा वास हुंगण्याचे व्यसन लहान मुलांना लागते आणि त्यात मुलांची आयुष्ये वाया जातात. हा डबा कुलपात ठेवावा, आणि मुलाच्या कपड्यांना किंवा तोंडाला तो वास येत असेल तर दुर्लक्ष करू नये.

थोडा जुना झालेला, पण न सडलेला पांढरा गम फेकण्याची घाई नको. वह्यांना कव्हर, वैशाख पौर्णिमेचे कंदील, मुलांचे पुठ्ठ्याचे काम यांना तो चालतो. खुर्ची, पलंग, शिडी, देवळी-फळी अशा वजन पेलणाऱ्या वस्तूंना मात्र तो अजिबात नको.

दोष नेहमी गमाचाच नसतो

न्यायाने बोलायचे तर दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. लाकूड ओले असेल, त्यावर धूळ, तेल किंवा जुने पॉलिश असेल, कुसू ढिले असेल, पुरेसे आवळले नसेल, तर ताजा गमही हरतो. वर्षावासाच्या महिन्यांत हवेत दमटपणा असतो, तेव्हा गम वाळायला वेळ लागतो. अशा दिवसांत रात्रभर आवळून ठेवलेले काम सकाळी लगेच वापरात देऊ नये. साधा पांढरा गम सतत पाण्यात राहिला की मऊ पडतो. म्हणून न्हाणीघराचे दार, उघड्यावरचा बाक यांसाठी पाण्यात टिकणारा प्रकार मागून घ्यावा.

हक्क आपला आहे

मुदत उलटलेला, खोडाखोड केलेला किंवा बनावट माल मिळाला तर आधी डब्याचा, छापाचा आणि बिलाचा मोबाईलवर फोटो काढून ठेवा. मग दुकानदाराकडे बदलून मागा. तो ऐकत नसेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईनचा 1915 हा क्रमांक आहे. छापासंबंधी तक्रार जिल्ह्याच्या वैध मापन कार्यालयात करता येते.

आपण धंद्यासाठी घेतले म्हणजे आपण ग्राहक नाही, असे दुकानदार सांगतात. हे अर्धसत्य आहे. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यात स्पष्ट आहे की जो माणूस स्वयंरोजगाराने केवळ स्वतःचे पोट भरण्यासाठी वस्तू विकत घेतो व स्वतः वापरतो, तो ग्राहकच आहे. जिल्हा ग्राहक आयोगात दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते, आणि दिलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर फी लागत नाही. वकील केलाच पाहिजे असेही नाही.

ठेकेदाराकडे काम करणाऱ्यांनी एक सवय लावून घ्यावी. माल हातात मिळाला की डब्याच्या तारखेचा फोटो काढून ठेकेदाराला पाठवावा. तारीख जुनी असेल तर दोन ओळी लिहून कळवावे. उद्या काम बिघडले तर बोलायला पुरावा राहतो. बाबासाहेबांनी आपल्याला लेखणीचे महत्त्व शिकवले ते फक्त परीक्षा पास होण्यासाठी नाही.

विहार समित्यांना विनंती

14 एप्रिल जवळ आली की विहारांत नवी कपाटे, ग्रंथांच्या फळ्या, अभ्यासिकेची टेबले करण्याची लगबग सुरू होते. बाबासाहेबांनी ग्रंथांसाठी राजगृह बांधले, त्यांच्या अनुयायांच्या विहारातील ग्रंथांची फळी वर्षात कोसळू नये. समितीने गम व लाकूड खरेदी करताना बिल घ्यावे, तारीख नोंदवावी, आणि काम शक्यतो आपल्याच वस्तीतील कारागिराला योग्य मजुरीवर द्यावे.

याशिवाय एखाद्या रविवारी वंदनेनंतर तासभर ठेवून वस्तीतील सुतारकाम करणाऱ्यांना बोलवावे आणि वरच्या चार परीक्षा सर्वांसमोर करून दाखवाव्यात. एक जुना डबा, एक नवा डबा, चार पट्ट्या आणि एक पटाशी एवढेच साहित्य लागेल. सांधा उकलण्यासाठी चोवीस तास लागतात, म्हणून पट्ट्या शनिवारीच चिकटवून ठेवाव्यात. त्याच बैठकीत आयटीआयमधील कार्पेंटर अभ्यासक्रमाची माहिती दहावी झालेल्या मुलांना द्यावी. सप्टेंबर 2023 मध्ये सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेतील अठरा व्यवसायांत सुतारकामही आहे. तिच्यात प्रशिक्षण, हत्यारांसाठी पंधरा हजार रुपयांपर्यंतचे साहाय्य आणि कमी व्याजाचे कर्ज यांची तरतूद आहे. हाताने सुतारकाम करणाऱ्यांनी जवळच्या सेवा केंद्रात जाऊन त्याची चौकशी करावी.

जयभीम!